माहेरचे होकार

माझं बूड एका जागी टिकत नाही, हे सासूबाई मी या घरात आल्यापासून सांगत आल्या आहेत. जेवताना पाय हलतो, भाजी निवडताना पाय हलतो. त्या उन्हाळ्यात तर तो थांबेचना. त्याला कारणही तसंच होतं. वाशिंदला ज्या कारखान्यात मी माल तपासायला होते, तो भिवंडीच्या पलीकडे हलणार होता. होळी झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, ज्यांना तिकडे यायचंय त्यांनी मे संपायच्या आत नावं द्या, बसची सोय करू, बाकीच्यांवर जबरदस्ती नाही. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही येणारच ना, मावशी?" मी म्हटलं, "बघते."

मला जायचं नव्हतं. रोज अंधारात उठून बसमध्ये बसायचं, खिडकीतून ट्रकच्या रांगा बघायच्या आणि दुसऱ्याच्या खोक्यांवर शिक्का मारून परत यायचं, याचा मला आधीच कंटाळा आला होता. शिवाय माझ्या डोक्यात इरलं बसलं होतं.

इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाची पानं. डोक्यावरून पाठभर येतं. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला बाई वाकली की तिच्या पाठीवर छप्पर होतं. माझ्या आजीच्या काळी घरोघरी असायचं. आता विणणारे हात राहिले नाहीत. बायका प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ करून डोक्यावर घेतात, नाहीतर मुलाचा जुना रेनकोट चढवतात. रेनकोट घालून वाकलं की पाणी मानेतून आत शिरतं, आणि जे बाहेरून शिरत नाही ते घामाचं आतूनच येतं. मी स्वतः अनुभव घेतलाय. गेल्या आषाढात सुट्टी काढून माहेरी आवणीला गेले होते आणि पहिल्या तासातच चिंब होऊन बांधावर येऊन बसले होते.

आमच्या कारखान्यात पन्हाळीदार प्लॅस्टिकच्या शीटचे खोके बनतात. आतून पोकळ, उचलायला अगदी हलकी शीट. वाया गेलेले तुकडे मागितले तर मिळतात. मी एक मोठा तुकडा आणला, कापला, वाकवला, कडेला पट्टी लावली, हनुवटीखाली बांधायला नाडी लावली. झालं इरलं! त्याच आवणीत परत गेले तेव्हा तासभर घालून पाहिलं. त्या दिवशी पाऊस नावालाच होता, नुसती भुरभुर. पाठ ठणठणीत कोरडी. ते मी आईच्या डोक्यावर चढवलं आणि वाशिंदला आले. चार दिवसांनी फोन केला तर आई म्हणाली, "झकास हाय गो. सगली आवनी त्यातच काढली."

आता यापुढे काय पाहिजे? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. शीट कुठून घ्यायची, शहापूरला कोणाकडे कापून घ्यायची, इथपर्यंत मनात मांडून झालं. पण कारखान्यात एक इंजिनीअर मुलगी होती, चुणचुणीत. तिने मला थांबवलं. म्हणाली, "मावशी, वस्तू नंतर. आधी गिऱ्हाइकांना भेटा. त्यांना बोलू द्या." मला पटलं. म्हणजे खरं तर फिरायला निमित्त मिळालं. होळीनंतर मी प्रत्येक सुट्टीला स्कूटी काढली.

पहिली फेरी अर्थातच माहेरी. माझं माहेर मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. नमुन्याचं दुसरं इरलं करून पायाशी उभं ठेवलं होतं, ते वाऱ्याने असं फडफडत होतं की किन्हवलीच्या स्टँडवर लोक वळून बघत होते. गावात पोचले आणि एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक ओट्यावर तेच. आधी पाणी, मग चहा, मग पोरांची चौकशी, मग मी माझं इरलं डोक्यावर घालून वाकून दाखवायची आणि विचारायची, असं असलं तर घेशील का?

"घेनार की! तू केलंस तर का नाय घेनार गो?" काकी म्हणाली.

"दोन घेनार. एक सुनेला," शेजारची म्हातारी म्हणाली.

"बाय, तुजं डोकं लय चालतं," मामी म्हणाली आणि आत जाऊन वालाची पिशवी घेऊन आली.

कोणीसुद्धा नाही म्हटलं नाही. एकीनेही नाही. निघताना स्कूटीच्या हुकाला पिशव्यांचा गुच्छ झाला होता. वाल, नवा तांदूळ, कैऱ्या, नागलीचे पापड, कोणाकडची करवंदं फडक्यात बांधलेली. आईने वर आणखी एक गाठोडं चढवलं. मी म्हटलं, "आई, गाडी उचलेल का एवढं?" ती म्हणाली, "लेक रिकामी जाते का कुठं?" ते खरंच. आमच्याकडे लेकीला कोणी रिकाम्या हाती पाठवत नाही. घरात काही नसलं तरी मूठभर मीठ पदरात टाकतील. गाडी एका बाजूला कलत होती आणि मी गाणं म्हणत घरी आले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी म्हणतात ना, ती मेंढी मीच.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कल्याणला नोकरीला, बोलायला तोलूनमापून. म्हणाला, "तुझ्या माहेरचे सगळे घेणार. आता आमच्याकडचे काय म्हणतात ते विचार."

त्यांच्याकडचे, म्हणजे माझं सासर, किन्हवलीच्या अलीकडचं गाव. तिथे मी सून. सुनेने दारोदार फिरून प्रश्न विचारावेत ही गोष्टच मुळात कोणाला पसंत पडली नाही. बायका पदर सावरून गप्प बसायच्या आणि आतून पुरुष उत्तर द्यायचे. "आमच्या बायकांना असलं काय लागत नाय." एक जण म्हणाला, "बघू." दुसराही म्हणाला, "बघू." बघूच्या पलीकडे गाव सरकेना. एका घरी तर मला सासूबाईंची तब्येत विचारली, जावेची विचारली, म्हशीची विचारली आणि इरल्याचं नावही काढू दिलं नाही. मी भडकले. घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं, "तुमच्याकडची माणसंच चिक्कू. माझ्या माहेरचं मन बघा." तो हसला आणि पेपरमागे गेला. सासूबाई म्हणाल्या, "बूड टेकव गो जरा. गावात हसं नको करू."

पण मी ऐकते कुठली. मला वाटलं, जिथे मला कोणी ओळखत नाही तिथे जाऊन विचारावं. म्हणून एका रविवारी तानसाच्या बाजूला एका पाड्यावर गेले. बायका मोहाच्या झाडाखाली बसल्या होत्या. मी इरलं दाखवलं, वाकून दाखवलं, पाऊस कसा ओघळतो ते हाताने करून दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं. माझं संपल्यावर दोघीतिघी उठून घरात गेल्या. मला वाटलं पाणी आणायला गेल्या. त्या आल्या त्या आधार कार्डांच्या झेरॉक्स घेऊन.

"कंच्या योजनेतलं हाय?" एकीने विचारलं.

मी म्हटलं, कोणत्याच नाही. मी स्वतःच बनवणार आहे.

"मंग नाव कवा लागंल?"

"नाव नाही लागणार. मी फक्त विचारायला आले."

त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई पुढे झाली. मग म्हणाली, "नुसतं इचाराया आलीस?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळेना, की एवढ्या उन्हात एक बाई वाशिंदहून काही न देता, काही न घेता, नुसतं विचारायला का येईल. झेरॉक्स परत देताना उगाचच अपराधी वाटलं आणि स्वतःवरचा राग मी येताना रस्त्यावरच्या खड्ड्यांवर काढला.

तर हिशेब असा झाला: सासर म्हणतं बघू, पाडा म्हणतो नाव लिहा, आणि माहेर म्हणतं घेणार. मी काय धरलं असेल ते सांगायला नको. मे अर्धा संपला होता. साहेबांना 'येत नाही' म्हणून सांगायचं आणि कामाला लागायचं, हे मी ठरवून टाकलं. रात्री झोप येत नव्हती, पण ती आनंदाची जाग असावी अशी मी स्वतःची समजूत घातली. मोठ्या पावसाला अजून वेळ होता. त्याआधी माहेरच्या गावापुरती तरी इरली तयार करायची होती.

त्याच आठवड्यात नणंद आली. धाकटी, मुरबाडला दिलेली. गावात लग्न होतं. तिने येताना कैरीच्या लोणच्याची बरणी आणली होती. मसाला तिचा स्वतःचा. ते लोणचं करून विकायचं तिच्या मनात होतं. दोन दिवस ती तेच बोलत होती. मला तिचं कौतुक वाटत होतं, कारण ते सगळं मी नुकतीच बोलून बसले होते. लोणचं मात्र कडू होतं. मेथी जास्त झाली होती, आणि तीही करपलेली. नवऱ्याने एक फोड खाल्ली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

जायच्या दिवशी मी तिची पिशवी भरत होते. तांदूळ घातला, कुरडया घातल्या, आंबे घातले. हळदीकुंकू लावलं. ती चपला घालता घालता म्हणाली, "वहिनी, मी सुरू केलं तर तुमी घ्याल ना लोनचं? पयलं गिऱ्हाईक तुमी."

मी पिशवीची गाठ मारत म्हटलं, "घेणार की! तू केलंस तर का नाही घेणार?"

माझा हात गाठीवरच थांबला.

हे वाक्य माझं नव्हतं. ते काकीचं होतं. ते तिच्या ओट्यावर, तिने दिलेल्या पिशवीसकट, मला मिळालेलं होतं. मी नणंदेच्या तोंडाकडे बघितलं. ती खुलली होती, मी स्कूटीवर गात आले तेव्हा मीही अशीच दिसत असणार. मला तिला सांगता आलं असतं की मेथी करपलीय. पण उंबऱ्यात उभी राहिलेली माहेरवाशीण, कपाळावर ओलं कुंकू, तिला कोण सांगेल? मी नाही सांगितलं. उलट पिशवी पुन्हा सोडली आणि आणखी एक शेर तांदूळ घातला.

ती गेली आणि मी ओट्यावर बसले. पाय हलत नव्हता. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "बरं नाय का?"

म्हणजे माहेरच्यांनी मला वाल दिले, कैऱ्या दिल्या आणि त्याच पिशवीत एक एक होकारही टाकला. लेक काही मागायला आली, रिकामी कशी पाठवायची? आणि मी तो होकार घेऊन नोकरी सोडायला निघाले होते. मग लगेच दुसरा विचार आला, आणि त्याला मी घट्ट धरलं: सगळ्यांचं सोड, आईने तर ते वापरलंय. सगळी आवणी त्यात काढलीय. आईचं खरं असेल तर बाकीच्यांचं बघून घेता येईल.

साहेबांनी दिलेल्या मुदतीचे शेवटचे दिवस होते. मी कोणाला न सांगता सकाळीच निघाले.

आई अंगणात भांडी घासत होती. मला बघून हात धुवायला लागली. मी आत गेले आणि इरलं शोधलं. ते मागच्या खोलीत, आढ्याच्या जवळ खुंटीला टांगलेलं होतं, जुन्या सुती लुगड्यात नीट गुंडाळून. सोडलं. कोरं करकरीत. पन्हाळीत मातीचा कण नाही. नाडीला मी मारलेली गाठ तशीच, माझ्या हनुवटीच्या मापाची. आईचा चेहरा माझ्यापेक्षा केवढा लहान आहे.

"आई, हे तू वापरलंस?"

"वापरलं ना."

"चिखल कुठाय मग?"

"धुतला," ती म्हणाली आणि वालाचा डबा काढायला वळली. फडकं पसरलं, ओंजळीने वाल घालायला लागली.

मला इतका राग आला की आवाज चिरकला. "आई, ते खाली ठेव. आज मी काही नेणार नाही."

"आसं कसं? लेक रिकामी धाडू?"

"धाड. तू मला वाल देतेस तसंच 'हो' देतेस. काकीपण तेच करते, मामीपण तेच करते. मी तुमच्या 'हो'वर नोकरी सोडणार आहे, आई. उद्या साहेबांना सांगायचंय. आज मला वाल नको आणि 'हो' पण नको."

तिच्या ओंजळीतले वाल तसेच राहिले. बाहेर कोंबड्या घासलेल्या भांड्यांभोवती टोचत होत्या. आईने वाल परत डब्यात ओतले. डब्याचं झाकण लावायला तिने फार वेळ घेतला. मग म्हणाली, "घाल ते डोक्यात. चल भायेर."

मी घातलं. तिने मला अंगणात, आवणीला वाकतात तशी वाकायला लावलं. भांडी विसळलेल्या पाण्याचं घमेलं तिने ओढत आणलं, तांब्या बुडवला आणि उंचावरून माझ्या पाठीवर धार धरली.

पोकळ शीटवर पाणी ताडताड वाजायला लागलं. डबा वाजवावा तसं, अगदी कानाशी. मला खाली फक्त आईचे पाय दिसत होते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांचे जुने व्रण असलेले. ती काहीतरी बोलत होती. बरंच बोलत होती. मी ओरडले, "काय?" धार चालूच. "आई, काय बोलतेस?" ती बोलतच राहिली आणि मला एक शब्द कळेना. घमेलं संपलं तेव्हा कुठे थांबली.

"काय म्हणत होतीस?"

"तेच सांगत हुती," आई म्हणाली. "आयकू येत नाय."

मी तशीच वाकलेली. तिला माझं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच असेल, पण ती पुढे बोलली.

"पयल्या दिशी घातलं. पाठ कोरडी रायली, खोटं नाय बोलत. पन पाऊस धरला तं नुसता आवाज. बायका हसायच्या, मी बघतच रायची. कोन काय बोलली, कशाला हसली, काय कळना. बाजूला तुजी काकी व्हती, पन नसल्यावानी. दुपारपोत वाटलं, सगलं वावर मी एकलीच लावतेय. मंग काढून ठेवलं."

"मग मला तसं का नाही सांगितलंस?"

"तुला?" ती म्हणाली. "किती हौशीनं केलंतंस."

मी इरलं काढलं. डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते पुसायचंही नव्हतं. आईवर राग होता, काकीवर होता, सगळ्यात जास्त स्वतःवर होता. आणि तरीही खोलवर कुठेतरी, इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा, पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटत होतं.

निघताना आई दारापर्यंत आली. तिचा हात दोनदा आत वळला. एकदा खरंच वळली, मग पदर तोंडाला धरून तशीच उभी राहिली. मी गाडी सुरू केली. वाटेत काकी ओट्यावर होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग स्कूटीच्या रिकाम्या हुकाकडे बघितलं आणि ओरडली, "आयशीशी भांडलीस काय गो?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना नाव दिलं. ते म्हणाले, "मला माहीतच होतं." इंजिनीअर मुलीने जेवणाच्या सुट्टीत मला तिच्या डब्यातली पोळी दिली. आता रोज सकाळी बस येते. भिवंडीपर्यंत माझा पाय हलत असतो, शेजारची तक्रार करते. ज्या गोष्टीला कंटाळून पळत होते तिच्यातच येऊन बसले, हे मला अजून बोचतं. गोड मानून घेणाऱ्यांतली मी नाही.

पण इरलं डोक्यातून गेलं नाही. आषाढ लागेपर्यंत मी त्याला आतून जुनं गोणपाट लावलं, कानाच्या बाजूला शीट कापून मागे घेतली, आणि नाडी आईच्या हनुवटीच्या मापाची केली. सुट्टीच्या दिवशी घेऊन गेले. वावरात बायकांची रांग लागली होती, दाटीवाटीने, कोपराला कोपर लागेल अशी. पाऊस चांगला धरला होता. आईने इरलं घातलं आणि पुन्हा रांगेत शिरली. मी बांधावर खोळ घेऊन उभी.

"मस्त हाय गो!" काकी लगेच ओरडली. "आमाला पन कर!"

"मला दोन!" कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. बराच वेळ थांबले. आईची पाठ वर आली नाही, हात चालू होते, मूठ सुटायची आणि रोप चिखलात जायचं. शेवटी न राहवून विचारलं, "आई, ऐकू येतं का?"

तिने मान वर केली नाही. थोडा विचार केला असावा.

"जरासं," ती म्हणाली.

जाताना इरलं परत न्यायला मी बांधाच्या टोकाशी गेले. आईने ते काढून माझ्या हातात दिलं आणि कानाजवळचा भाग बोटाने दाखवला, इथं अजून वाजतंय. मग तिने प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेतली आणि काकीच्या शेजारी वाकली. त्या दिवशी तिने मला काही बांधून दिलं नाही.